ओहोळबाईंचं अर्धं वाक्य

आमच्या ख्रिस्ती मंडळाच्या मासिकात ओहोळबाईंवर चार ओळी आल्या. मागच्या पानावर, मंडपवाल्याच्या जाहिरातीखाली. ‘शांत, मृदुभाषी व समर्पित भगिनी प्रभूमध्ये विसावल्या.’

या मजकुराचा मी जाहीर निषेध करते.

शांत? बाईंचा तास चालू असला की शेजारच्या वर्गातले ग्रीकचे सर आपलं पुस्तक मिटून स्वस्थ बसायचे. त्या आवाजापुढे ग्रीक टिकायचं नाही. मृदुभाषी? माझ्या पहिल्या उपदेशानंतर बाई म्हणाल्या होत्या, “मधे कुठेतरी देव येईल म्हणून मी वाट बघत होते.” आणि भगिनी! बाईंना कोणी भगिनी म्हटलं की त्या लगेच म्हणायच्या, “शेजारच्याला रेव्हरंड आणि मला भगिनी? मग त्याला बंधू म्हणा. नाहीतर मला नुसतं बाई म्हणा, मी ऐकते.”

राहिलं समर्पित. ते खरं आहे. पण कशाला, ते लिहायचं राहिलं. ते लिहायला जागा लागली असती, आणि जागा मंडपवाल्याने घेतली होती.

विशेषणं काढा, हाडं दिसू देत, हे बाईंचं वाक्य. म्हणून मी विशेषणं काढून लिहायला बसले आहे.

बाई पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या शाळेत, उपदेश आणि विधी शिकवायच्या. मी तिथे गेले ती पत्रकं वाटता वाटता. कात्रजच्या वरच्या अंगाला आमची वस्ती, तिथे पाण्याचा प्रश्न, मग मोर्चे, मग पत्रकं. पत्रकं लिहायला मी होते. त्यात एकदा लक्षात आलं की पाण्यासाठी दोनशे माणसं जमतात, पण वस्तीत कोणी वारलं तर त्या घरात जाऊन बसायला कोणी नसतं. आमचे पाळक शहरात राहायचे, आठवड्यातून एकदा यायचे, तेही रविवारी, आणि दुःख काही वार बघून येत नाही. म्हटलं, मीच पाळक होते.

“मुलगी?” सगळ्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या मंडळात मुलींना सेमिनरीत शिकता यायचं, पहिला नंबर काढता यायचा, फक्त दीक्षा मिळायची नाही. दीक्षा नाही म्हणजे बाप्तिस्मा देता येत नाही, प्रभुभोजनाचा प्याला उचलता येत नाही, उपासनेच्या शेवटी हात उंचावून आशीर्वाद देता येत नाही. रविवारच्या शाळेत मुलं सांभाळायला मात्र पूर्ण मुभा.

आणि या तिन्ही गोष्टी, बाळ कसं धरायचं, प्याला कसा उचलायचा, हात कसा उंचावायचा, आमच्या मंडळातल्या जवळजवळ प्रत्येक पाळकाला शिकवल्या कोणी? ओहोळबाईंनी. ज्यांना स्वतःला त्यातलं एकही करायची परवानगी नव्हती. पोहायला शिकवणाऱ्याला पाण्यात उतरायची बंदी, असा प्रकार. मी हे पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून म्हटलं. बाई म्हणाल्या, “उपमा ओली आहे, पण चालेल. बस.”

विधींचा तास म्हणजे आमची करमणूक होती. बाप्तिस्म्याच्या सरावासाठी एक प्लॅस्टिकचा बाहुला होता, खऱ्या बाळाच्या मापाचा, एक डोळा अर्धा मिटलेला. त्याचं नाव दिलीप. कुठल्याशा जुन्या बॅचच्या मुलाला ऐनवेळी बाळाचं नाव सुचेना, तेव्हा त्याने घाबरून मेसच्या आचाऱ्याचं नाव घेतलं. तेव्हापासून दिलीप. पुण्यात दिलीपइतक्या वेळा बाप्तिस्मा झालेला दुसरा ख्रिस्ती नसेल. बाई म्हणायच्या, “एवढं पाणी पडूनही सुधारला नाही. निराश होऊ नका, तुमच्या मंडळीतही असे असतील.”

बाई दिलीपला डाव्या हातावर घ्यायच्या. समोर स्टीलचं पातेलं. “कोपर!” ही त्यांची आरोळी. कोपर बरगडीला टेकलेलं हवं, म्हणजे बाळ घसरत नाही. आशीर्वाद देतानाही कोपर बरगडीशीच, नाहीतर कावळा उडतोय असं दिसतं. आम्ही जिन्यात भेटलो तरी एकमेकांना सलाम करण्याऐवजी ‘कोपर’ म्हणायचो.

तर कोपर टेकवून, पाण्यात बोटं बुडवून बाई सुरू करायच्या, “मी तुला...” आणि थांबायच्या. दिलीपला शेजारच्या मुलाच्या हातात द्यायच्या. “पुढचं तू म्हण. मला परवाना नाही.” स्कूटरच्या परवान्याबद्दल बोलावं तसं. ‘पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे पुढचे शब्द बाईंच्या तोंडून कोणत्याही बॅचने ऐकले नव्हते. आम्हाला त्या थांबण्याची इतकी सवय झाली होती की ‘मी तुला’ झालं की सगळा वर्ग एकदम श्वास घ्यायचा.

उपदेशाच्या तासाला बाईंच्या मांडीवर भाजी असायची. वर्गात, हो. विद्यार्थी समोर उभा राहून उपदेश करतोय आणि बाई मेथी निवडताहेत. थंडीत मटार, एरवी गवार, काहीच नसलं तर शेंगा. प्राचार्यांनी एकदा सौम्यपणे सुचवून पाहिलं की हे बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, “सर, मंडळीतल्या बायका उपदेश ऐकताना मनात हेच करत असतात. मी उघड करते.” मात्र उपदेश चांगला असला की बाईंचा हात थांबायचा. ‘आज कदमच्या वेळी हात थांबला’ ही बातमी वसतिगृहात जेवणाआधी पोचायची. त्यापुढे लेखी गुणांना कोणी विचारत नसे.

माझ्या पहिल्या उपदेशाला गवार होती. मी अन्यायावर बोलले. आवाज चढत गेला, मूठ आपोआप वर गेली, आणि शेवटी आमेन म्हणायच्या जागी सवयीने माझ्या तोंडून निघालं, “... झालाच पाहिजे!” अख्खा वर्ग ओरडला, “झालाच पाहिजे!” मागच्या बाकावरचे दोघे तर उठून दाराकडे चालायला लागले.

बाईंचा हात गवारीवर चालूच होता. “मोर्चा चांगला झाला,” त्या म्हणाल्या. “उपदेश कधी आहे?” त्या दिवसापासून मी त्यांची पत्रकबाई.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगते. उपदेशाचं शेवटचं वाक्य समोरच्या कोणातरी एका माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणायचं. भिंतीला नाही, छताला नाही. ज्याला ते वाक्य सगळ्यांत जास्त लागणार आहे त्याच्याकडे बघायचं. तोंडावर म्हणता येत नसेल, तर ते वाक्य खरं नाही, कापून टाका. एकाने शेवटचं वाक्य पंख्याकडे बघून म्हटलं. बाईंनी मान वर केली, थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तो विचारतोय, माझं काय चुकलं?”

बाई सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खालच्या मजल्यावरचे काका आम्हाला बघूनच ओळखायचे. “ओहोळबाईंकडे ना? वर जा. भाजी निवडायची तयारी ठेवा.” तिथून सेमिनरीत त्या स्कूटीवरून यायच्या. स्कूटीचा इंडिकेटर मी पाहिल्यापासून बंद होता. बाई हात दाखवून वळायच्या, आणि तोही कोपर बरगडीला टेकवून, तळवा वर करून. सवय. पुढे पायाशी कापडी पिशवी, पिशवीत दिलीप, कारण वर्गाच्या कपाटात उंदीर होते आणि त्यांनी दिलीपचा अंगठा खाल्ला होता.

एकदा शनिवार पेठेतल्या सिग्नलला वाहतूक पोलिसाला पिशवीतून बाहेर आलेला पाय दिसला. मी मागे बसले होते. पोलीस धावत आला.

“अहो बाई! बाळ पिशवीत?”

“झोपलंय,” बाई म्हणाल्या.

“झोपलंय? डोकं खाली आहे त्याचं!”

“त्याची तक्रार नाही.”

पोलिसाने घाईने पिशवी उघडली. दिलीपने अर्ध्या मिटल्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. पोलीस मागे सरला. मग भीती ओसरली तसा त्याचा राग वर आला, आणि राग आला की माणूस नियम शोधतो. “इंडिकेटर चालू आहे का?” त्याने विचारलं. दंड भरावा लागला. बाई म्हणाल्या, “बघ पत्रकबाई, बाळ खोटं निघालं याचा आनंद व्हायला हवा होता. माणसाला आनंदही कायद्यात बसवावा लागतो.”

लग्नाचा प्रकार तर आमच्या सेमिनरीत अजून सांगतात. विवाहविधीचा सराव होता. नवरी आमच्या वर्गातली रिबेका, नवरा विशाल. पाळक म्हणून उभे राहिले अण्णा. हे अण्णा विदर्भातल्या एका मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक, दीक्षा होऊन बरीच वर्षं झालेली, पुढचं शिकायला रजा काढून आलेले. अण्णांनी सगळं व्यवस्थित केलं. खरी नावं घेतली, खरे प्रश्न विचारले, दोघांनी ‘हो’ म्हटलं, अण्णांनी हात उंचावून त्यांना पतिपत्नी जाहीर केलं. कोपर अचूक. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि अण्णांच्या कपाळावर घाम आला.

“बाई,” ते म्हणाले, “घोटाळा झाला.”

“कोपर बरोबर होतं,” बाई मेथीतून मान वर न करता म्हणाल्या.

“तसं नाही बाई. मी खरा पाळक आहे. शब्द खरे. माणसं खरी. नावं खरी. खोटं काय होतं?”

विशालचा चेहरा पांढरा, कारण त्याचं नगरला ठरलेलं होतं. प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. प्राध्यापकांच्या खोलीत वाद पेटला. ग्रीकच्या सरांचं म्हणणं, शब्द उच्चारले गेले की उच्चारले गेले. इतिहासाच्या सरांचं म्हणणं, मंडळीत आधी दोघांच्या नावांचं जाहीर वाचन झालेलं नाही, तेव्हा लग्न नाही. आठवडाभर विशाल आणि रिबेका मेसमध्ये दोन टोकांना बसायचे. शेवटी बाई वैतागल्या.

“एवढे विद्वान जमलात, मुलीला कोणी विचारलं का? रिबेका, ‘हो’ म्हणालीस तेव्हा मनात काय होतं?”

रिबेका खाली मान घालून म्हणाली, “बाई, जेवणाची घंटा झाली होती.”

“झालं!” बाई म्हणाल्या. “लग्न रद्द. शब्द कोणाच्या तोंडून निघाले ते देव बघत नसावा. ते कोणी मनावर घेतले, ते बघत असावा.”

सगळे हसले. मला मात्र पकड सापडली. मी उभी राहिले. “मग बाई, तुम्ही ‘मी तुला’वर का थांबता? तोंड कोणाचं याने फरक पडत नसेल तर म्हणा की पुढचं!”

बाईंचा हात थांबला. वर्गात उपदेश चालू नव्हता, तरी थांबला.

“म्हणता येईल गं,” त्या म्हणाल्या. “दार लावून रोज म्हणता येईल. पण मग ते चोरून म्हटलेलं होईल. मला ते हक्काने म्हणायचंय.”

एवढंच बोलल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या.

माझ्या शेवटच्या वर्षी तो ठराव आला. स्त्रियांना दीक्षा द्यावी की नाही, यावर मंडळाची वार्षिक सभा मत देणार होती. बाई नुकत्याच सेमिनरीतून निवृत्त झाल्या होत्या, दिलीपला घेऊन. मी साहजिकच पत्रक लिहिलं आणि सभेच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी ते दाखवायला सदाशिव पेठेत गेले. वर पोचले तर बाईंच्या समोर रेव्हरंड सुधाकर आढाव बसलेले. शहरातल्या मोठ्या मंडळीचे पाळक, आवाज असा की माइकची गरज नाही. बाईंचे जुने विद्यार्थी. रविवारचा उपदेश ते शनिवारी बाईंना ऐकवून जायचे, इतक्या वर्षांत खंड नाही. आणि ठरावाच्या विरोधात बोलण्यासाठी मंडळाने वक्ता म्हणून निवडलं होतं तेही यांनाच.

मला बघून ते चपापले. हातातला कागद मांडीखाली सरकवायला लागले.

“लपवू नकोस सुधाकर, ती वाचणारच आहे. बसा दोघं,” बाई म्हणाल्या आणि मटारच्या शेंगांचं सुपलं आमच्या मधे ठेवलं. “हात चालू द्या.”

तेव्हा मला कळलं. ते आपलं विरोधाचं भाषण बाईंकडून तपासून घ्यायला आले होते. आणि बाई ते तपासत होत्या. चष्मा लावून, पेन्सिल घेऊन.

“सुरुवात चांगली आहे. मधे ‘आपले पूर्वज’ फार वेळा आलेत. पूर्वज एकदाच पुरे, ते काही उठून टाळ्या वाजवणार नाहीत. आणि हा तिसरा मुद्दा पहिला घे, तो जड आहे.”

“बाई!” मी ओरडले. “तुम्ही यांचं भाषण सुधारताय?”

“मग बिघडवू? माझा विद्यार्थी आहे. वाईट बोलला तर लोक विचारतील, याला शिकवलं कोणी.”

“पण ते तुमच्याविरुद्ध आहे!”

“म्हणून तर नीट हवं. रद्दी भाषणाला हरवून मिळालेली दीक्षा मला नको.”

आढाव मटार सोलत होते. त्यांचे कान लाल झाले होते. “बाई, माझा व्यक्तिशः काही...” ते पुटपुटले.

“व्यक्तिशः कोणाचंच काही नसतं रे. सभेचंच असतं सगळं.” मग बाईंनी माझ्याकडे हात केला. “आण तुझं.”

माझ्या पत्रकात चौदा धिक्कार होते. बाईंनी ते एकेक करून खुडले, मेथीची पिवळी पानं खुडावीत तसे. “‘पुरुषी मक्तेदारीचा बुरखा टराटरा फाडून’... बरं, फाडलास. पुढे? आत कोण आहे? सुधाकरच ना? त्याला मी ओळखते.” शेवटी पानभर रेघोट्यांमध्ये एकच वाक्य उरलं: ज्यांनी तुम्हाला बाळ धरायला शिकवलं, त्यांच्या हातात बाळ द्या.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढं पुरतं. छपाईही स्वस्त.”

आढाव निघाले. बाईंनी त्यांचा कागद परत देताना शेवटची ओळ मोठ्याने वाचली. “‘देवाने स्त्रीला या सेवेला पाचारण केलेलेच नाही.’ वाक्य घट्ट आहे. काना-मात्रा हलवू नकोस. नियम आठवतोय ना?”

“हो बाई. शेवटचं वाक्य एका माणसाकडे बघून.”

“मी दाराजवळच्या खुर्चीत बसणार आहे,” बाई म्हणाल्या. “शोधायला त्रास नको.”

सभेच्या दिवशी बाई खरंच दाराजवळ बसल्या. पाहुण्यांच्या खुर्चीत, कारण त्यांना मत नव्हतं. मांडीवर मटार. माझं एका वाक्याचं पत्रक सगळ्यांच्या हातात गेलं. काहींनी वाचून घडी करून खिशात ठेवलं, काहींनी त्याने वारा घेतला. मग आढाव उठले.

खरं सांगते, भाषण अप्रतिम झालं. असा उपदेश मी आमच्या मंडळात ऐकला नव्हता. तिसरा मुद्दा पहिला आला आणि मीच मान डोलावायला लागले. पूर्वज एकदाच आले. मी वळून पाहिलं तर बाईंचा हात थांबला होता. सोललेली शेंग तशीच बोटांत. विरोधी भाषण होतं, पण चांगलं होतं.

आढाव शेवटाकडे आले. कागद खाली ठेवला. मान वर केली आणि नियमाप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं.

“देवाने स्त्रीला...” ते म्हणाले.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, विनवणीनेही नाही. विद्यार्थी परीक्षेला उभा आहे आणि त्याला जमेल अशी खात्री असलेली शिक्षिका बघते, तसं.

“देवाने...” आढाव पुन्हा म्हणाले. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, ठेवला. सभागृहात खुर्च्या करकरल्या.

“रेव्हरंड, शेवटचं वाक्य?” अध्यक्षांनी विचारलं.

“विसरलो,” आढाव म्हणाले.

“विसरला नाहीस,” दाराजवळून आवाज आला. “बस खाली.”

सभा हसली. आढाव बसले. त्यानंतर मत झालं आणि ठराव थोडक्यात पास झाला. मी ओरडायला उठले, मूठसुद्धा वर गेली होती, तेवढ्यात खजिनदार उभे राहिले. त्यांचं म्हणणं, ठरावात एक ओळ घालावी: निवृत्तीचं वय उलटलेल्या व्यक्तींना दीक्षा देऊ नये. नियम सर्वांना सारखा. कोणाविरुद्ध नाही. व्यक्तिशः तर मुळीच नाही. हात वर झाले. ओळ घातली गेली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात पुन्हा चालू झाला होता. पण मटार संपले होते. रिकाम्या टरफलांमधून बोटं फिरत होती, एकेक टरफल उघडत होती, मिटत होती.

बाहेर आढाव त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. “बाई, मी वाक्य विसरलो नव्हतो.”

“माहितेय. विसरण्याइतकं ते लांब नव्हतं,” बाई म्हणाल्या. “भाषण छान झालं. हात थांबला माझा.” त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने वाकून बाईंची पिशवी उचलली आणि स्कूटीवर नेऊन ठेवली.

मी मात्र बोलले. त्या ओळीचा, खजिनदारांचा, वर झालेल्या प्रत्येक हाताचा निषेध केला. दीक्षा नाकारते म्हणाले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हेल्मेट घातलं आणि म्हणाल्या, “अगं, पुण्यात राहतेस आणि बस वेळेवर येईल अशी अपेक्षा? उशिरा आली. मी स्टॉपवरून निघून गेल्यावर आली. म्हणून तू रिकामी सोडणार? चढ मुकाट्याने.”

चढले. दीक्षेच्या दिवशी पाळकांनी रीतीप्रमाणे माझ्या डोक्यावर हात ठेवले. फक्त दीक्षा झालेल्यांचे हात. बाई दहाव्या ओळीत. त्या सगळ्या तळव्यांच्या वजनाखाली मी गुडघे टेकून धुमसत होते. मग डोळा तिरका करून पाहिलं. सगळ्यांची कोपरं बरगडीला टेकलेली होती.

मला कात्रजची मंडळी मिळाली. मंडळी म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक हॉल. पहिले काही महिने लोक मला विचारायचे, “पाळक कुठे आहेत?” मी म्हणायचे, “समोर.” ते माझ्या मागे बघायचे. मग एका रविवारी पहिला बाप्तिस्मा आला. टँकर चालवणाऱ्या सॅम्युअलची मुलगी. ज्या टँकरवाल्यांविरुद्ध मी पत्रकं काढली होती, त्यातलाच एक. देवालाही उपहास जमतो, आणि तोही पुणेरी. बाईंना निरोप धाडला होता. त्या स्कूटीवरून सदाशिव पेठेतून एवढ्या लांब आल्या, घाटाकडच्या ट्रकांमधून, आणि पहिल्या ओळीत बसल्या. भाजी आणली नव्हती.

खरं बाळ दिलीपसारखं नसतं. ते गरम असतं, ओलं असतं, आणि त्याला मत असतं. मी कोपर टेकवलं. पाण्यात बोटं बुडवली. सॅम्युअलची बायको श्वास रोखून बघत होती.

“मी तुला...” मी म्हटलं.

आणि थांबले.

लोक अजून म्हणतात की मी मुद्दाम थांबले, चळवळीतली बाई, नाटक केलं. या आरोपाचं मी इथे खंडन करते. मी सवयीने थांबले. सगळी वर्षं त्या जागी बाई थांबत आल्या होत्या. तिथे थांबायचं असतं एवढंच माझ्या जिभेला ठाऊक होतं. पुढचे शब्द मला येत होते, पण ते येईनात. हॉल शांत. खाली दुकानात कोणी टायरमध्ये हवा भरत होतं, तेवढा आवाज.

“पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.”

पहिल्या ओळीतून. ग्रीकचे तास बंद पाडणारा तोच आवाज. बाई उभ्या राहिल्या होत्या. माझी बोटं तेवढ्यात बाळाच्या कपाळावर गेली होती. बाळाने एकदाचं भोकाड पसरलं आणि सगळ्यांच्या तोंडून आमेन निघालं.

उपासनेनंतर आमच्या मंडळीचे सेक्रेटरी घाईघाईने आले. सज्जन माणूस, पण नियम पाठ. “अहो, मग बाप्तिस्मा नक्की दिला कोणी? पाणी यांचं, शब्द तुमचे. तुम्हाला तर अधिकार नाही. हा धरायचा की पुन्हा करायचा?”

मी तोंड उघडलं. बाईंनी मला हाताने गप्प केलं.

“माझी विद्यार्थिनी अडकली,” त्या म्हणाल्या. “अडकलेल्याला पुढचं सांगणं हा शिक्षकाचा हक्क आहे. तो काढून घ्यायचा ठराव अजून आलेला नाही. आणायचा असेल तर सुधाकर आढावला भाषण लिहायला सांगा, मी तपासून देईन.”

सेक्रेटरींनी सॅम्युअलकडे पाहिलं. सॅम्युअल म्हणाला, “आम्हाला लागला बाप्तिस्मा. पोरगी गप झाली की नाही?” खरंच ती गप्प झाली होती, बाईंच्या डाव्या हातावर. तिथे ती कधी गेली ते कोणी पाहिलं नाही. बाई तिच्याकडे बघत म्हणाल्या, “दिलीपपेक्षा जड आहे गं.” आणि बराच वेळ कोणालाच परत दिली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई भाचीकडे संगमनेरला राहायला गेल्या आणि तिथेच गेल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच रविवारी, हॉलच्या खिडकीतून. त्या कात्रजच्या चौकात स्कूटीवर थांबल्या होत्या. पुढे पिशवी, पिशवीतून एक पाय बाहेर. इंडिकेटर अर्थातच बंद. सिग्नल सुटला. बाईंनी वळण्यासाठी उजवा हात वर केला, कोपर बरगडीला टेकलेलं, तळवा उघडा. मागच्या टेम्पोवाल्याला कळेना की ही बाई वळते आहे की आशीर्वाद देते आहे. त्याने करकचून ब्रेक मारला. त्याच्या मागे रिक्षा थांबली, रिक्षामागे बस.

सगळा चौक थांबला, आणि बाई सावकाश वळल्या.